‘फेअर’ हा शब्द मराठीत आणताना

सांगलीत राजवाडा चौकाच्या आसपास कागदपत्रांच्या भाषांतराची कामे करताना जो इंग्रजी शब्द मला सर्वांत सोपा वाटत होता, त्यानेच मला पहिल्यांदा तोंडघशी पाडले. एका जुन्या ट्रॅक्टरचा मूल्यांकन अहवाल मराठीत करून हवा होता. इंजिन, गिअरबॉक्स, क्लच आणि टायर अशा रकान्यांपुढे मूल्यांकन करणाऱ्याने एकेक शब्द लिहिलेला होता आणि चारांपैकी तीन ठिकाणी तो शब्द ‘फेअर’ होता. शब्दकोशात दिलेल्या अर्थांत ‘चांगला’ हा अर्थ दिसल्यावर मी पुढे काही पाहिले नाही आणि तिन्ही रकान्यांत ‘स्थिती चांगली’ असे टंकून दिले. दीड-दोन महिन्यांनी कवठेमहांकाळकडचे ते खरेदीदार क्लचप्लेटचे बिल घेऊन आले. त्यांनी आवाज चढवला नाही. बिल टेबलावर ठेवले, माझ्या भाषांतरातल्या त्या दोन शब्दांवर बोट टेकवले आणि ‘हे कुणी लिहिलं?’ एवढेच विचारले.

मूल्यांकन करणाऱ्याने खोटे काहीच लिहिले नव्हते. अशा अहवालांत दर्जाची एक उतरंड असते आणि तीत ‘एक्सलंट’, ‘गुड’ यांच्या खाली आणि ‘पुअर’च्या वर ‘फेअर’ बसतो. म्हणजे यंत्र चालते, पण झिजलेले आहे. मी त्याला एक पायरी वर चढवले होते. तेव्हापासून या शब्दासाठी मी एक पद्धत ठरवून घेतली आहे आणि इंग्रजीतून मराठीत काही आणणाऱ्या कोणालाही, मग तो विद्यार्थी असो, पत्रकार असो की घरचे कागद स्वतः वाचू पाहणारा शेतकरी असो, ती उपयोगी पडेल असे मला वाटते.

पद्धत अशी की, ‘फेअर’चा अर्थ शोधण्याआधी त्या वाक्यात त्याच्या विरुद्ध कोणता शब्द उभा राहू शकेल ते पाहावे. विरुद्ध बाजूला ‘अन्याय्य’ येत असेल तर अर्थ एक, ‘उत्तम’ आणि ‘वाईट’ या दोघांच्या मध्ये तो अडकलेला असेल तर दुसरा, ‘सावळा’ येत असेल तर तिसरा, ‘पावसाळी’ येत असेल तर चौथा आणि ‘कच्चा’ येत असेल तर पाचवा. इतके वेगवेगळे अर्थ एका शब्दात कसे जमले, याचे उत्तर त्याच्या जन्मात आहे. जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘सुंदर, डोळ्यांना सुखावणारा’ या अर्थाचा होता आणि त्याच्या समोर ‘फाउल’ म्हणजे घाणेरडा, ओंगळ हा शब्द असे. सुंदर म्हणजे डाग नसलेले, डाग नसलेले म्हणजे स्वच्छ, आणि ज्याच्या व्यवहारात डाग नाही तो न्यायाने वागणारा, अशा पायऱ्यांनी तो पुढे सरकत गेला. खेळातला ‘फाउल’ आजही जुन्या जोडीदारासारखा ‘फेअर प्ले’च्या समोर उभा असतो.

आता पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा अर्थ. आपल्या भागात तो रोज कानांवर पडतो, कारण उसाच्या ‘एफआरपी’तला पहिला शब्द ‘फेअर’ आहे. ‘फेअर अँड रिम्युनरेटिव्ह प्राइस’ याचे सरकारी मराठी ‘रास्त आणि किफायतशीर दर’ असे आहे आणि ते मला अतिशय नेमके वाटते. २००९ पूर्वी याच जागी ‘स्टॅच्युटरी मिनिमम प्राइस’, म्हणजे वैधानिक किमान किंमत होती. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशात दुरुस्ती झाली, ‘किमान’ गेले आणि ‘रास्त’ आले. हा नुसता शब्दांचा फेरफार नव्हता. दर ठरवताना उत्पादनखर्चासोबत ऊस उत्पादकाची जोखीम आणि त्याचा वाजवी नफाही धरायचा, हे त्या दुरुस्तीने आणले. २०२५-२६च्या हंगामासाठी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये असा हा दर आहे. ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे दिले नाहीत तर वर्षाला १५ टक्के दराने व्याज द्यावे लागते. येथे ‘फेअर’चे भाषांतर कोणी ‘चांगला दर’ असे केले तर सारा मुद्दाच हरवतो, कारण चांगला दर ही खूश होऊन सांगण्याची गोष्ट आहे, तर रास्त दर हा मागण्याचा हक्क आहे. वाळवा-पलूसकडच्या कोणत्याही ऊस उत्पादकाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. तो रास्त दरासाठी रास्ता रोको करून मोकळा झालेला असतो.

‘रास्त’ हा फारसीतून आलेला शब्द आहे आणि त्याचा मूळ अर्थ सरळ, योग्य असा आहे. किंमत, दर, मागणी यांच्यासोबत तो सुरेख बसतो. मात्र तो माणसाला लावता येत नाही. ‘ए फेअर अंपायर’ म्हणजे ‘रास्त पंच’ नव्हे, तर ‘निःपक्षपाती पंच’. निवडणुकीच्या संदर्भात येणारे ‘फ्री अँड फेअर’ हे ‘मुक्त आणि निःपक्षपाती’ होते. वाटणीचा प्रश्न असेल तर ‘न्याय्य’ लिहावे. भावाभावांतल्या वाटपपत्रात ‘फेअर शेअर’ आला की मी ‘न्याय्य हिस्सा’ असे लिहितो आणि ‘समान हिस्सा’ लिहिण्याचा मोह कटाक्षाने टाळतो. विहीर एकाच्या वाट्याला आली आणि त्याबदल्यात दुसऱ्याला दोन गुंठे जास्त मिळाले, तर ती वाटणी समान नाही, पण न्याय्य असू शकते. आटपाडी भागातल्या पाण्याच्या चळवळीने रुळवलेला ‘समन्यायी’ हा शब्दही याच घरातला आहे, पण तो इंग्रजीतल्या ‘इक्विटेबल’ला अधिक जवळचा असल्यामुळे मी तो पाणीवाटपासारख्या सामूहिक विषयांपुरता राखून ठेवतो.

खाजगी व्यवहारात ‘वाजवी’ हा शब्द अधिक सहज वाटतो. ‘फेअर रेंट’ म्हणजे वाजवी भाडे. भाडेकरारात हमखास येणारे ‘फेअर वेअर अँड टेअर’ हे मात्र अनेकांना अडवते, कारण तेथे ‘वाजवी फाटणे’ असे काहीतरी हास्यास्पद हातून लिहिले जाते. त्याचा आशय असा की, भाडेकरूने जागा सोडताना ती जशी होती तशी परत करावी, पण रोजच्या वापराने भिंतीचा रंग उडाला किंवा नळाचा वायसर झिजला तर त्याचा दोष त्याच्यावर नाही. ‘नेहमीच्या वापराने होणारी झीज वगळता’ असे सरळ लिहिले की घरमालक आणि भाडेकरू या दोघांनाही कळते.

या अर्थाबाबत एक घसरण मराठीत सर्वत्र दिसते आणि ती ओळखून असावे. ‘फेअर प्राइस शॉप’ याचे सरकारी मराठी ‘रास्त भाव दुकान’ असे योग्यच आहे, पण लोकांनी त्याचे ‘स्वस्त धान्य दुकान’ केले. तसे होणे स्वाभाविक आहे, कारण तेथील धान्य खरोखर स्वस्त होते; १ जानेवारी २०२३पासून तर अन्नसुरक्षा कायद्याखालील लाभार्थ्यांना ते फुकट मिळते आणि ज्या दुकानात दामच नाही त्याच्या पाटीवर ‘रास्त भाव’ कायम आहे. तरीही भाषांतर करताना ‘फेअर’ म्हणजे ‘स्वस्त’ असे मनात धरू नये. विकणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर रास्त भाव हा कधीकधी महागच असतो. ‘आमच्याकडे वाजवी दरात मिळेल’ या पाट्यांनी ‘वाजवी’लाही असेच स्वस्ताईकडे ओढले आहे, त्याला इलाज नाही.

त्याचप्रमाणे ‘फेअर’ म्हणजे बाजारभाव असेही नसते. २०१३च्या भूसंपादन कायद्याच्या इंग्रजी नावातच ‘फेअर कॉम्पेन्सेशन’ आहे आणि तेथे बाजारमूल्य काढून झाल्यावर त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम देण्याची तरतूद आहे. बाजार जे देतो तेवढ्यावर कायदा थांबत नाही, म्हणूनच तेथे हे विशेषण वापरले आहे. नकारार्थी ‘अनफेअर’ला मराठीत एकच शब्द चालत नाही. ग्राहक संरक्षण कायद्यातील ‘अनफेअर ट्रेड प्रॅक्टिस’ला ‘अनुचित व्यापारी प्रथा’ म्हणतात आणि परीक्षेतील ‘अनफेअर मीन्स’ला ‘गैरमार्ग’. घरातल्या बोलण्यातले ‘इट्स सो अनफेअर’ याला मात्र ‘हा अन्याय आहे’ इतके जड करू नये. धाकट्याला आईस्क्रीम आधी मिळाल्यावर थोरली जे म्हणते ते ‘हे काय गं आई, नेहमी त्यालाच!’ असे असते आणि संवादाचे भाषांतर करायचे असेल तर तेच लिहावे.

आता दुसऱ्या अर्थाकडे, ज्याने माझा घात केला. येथे ‘फेअर’ हा ‘उत्तम’ आणि ‘वाईट’ यांच्या मधल्या पट्ट्यात असतो आणि मराठीत त्याच्यासाठी ‘बरा’ हा जवळजवळ मापाने शिवलेला शब्द तयार आहे. ‘हिज इंग्लिश इज फेअर’ म्हणजे ‘त्याचे इंग्रजी बरे आहे’. ‘बऱ्यापैकी’, ‘साधारण’, ‘मध्यम’ हेही चालतात. हमीभावाने सोयाबीन खरेदी करताना जो ‘एफएक्यू’ दर्जा सांगितला जातो त्यातला पहिला शब्द ‘फेअर’च आहे, म्हणजे ‘फेअर ॲव्हरेज क्वालिटी’. येथे कोणी उत्कृष्ट माल मागत नाही. ओलावा १२ टक्क्यांच्या आत असावा आणि काडीकचरा, डागी दाणे मर्यादेबाहेर नसावेत, इतकेच अभिप्रेत असते. पोते परत पाठवले गेल्यावर ‘आमचा माल काय वाईट होता का’ असे विचारणारा शेतकरी आणि ‘एफएक्यूत बसत नाही’ असे सांगणारा केंद्रचालक एकाच शब्दाभोवती वाद घालत असतात आणि तो शब्द त्यांच्यापैकी कोणीच उच्चारत नाही.

मात्र ‘बरा’ हा शब्द जेथे वापरू नये अशी एक जागा आहे, ती म्हणजे दवाखान्याचे कागद. मिरजेत परगावचे रुग्ण मोठ्या संख्येने येतात आणि त्यांच्या केसपेपरवर ‘जीसी फेअर’ असे लिहिलेले अनेकदा आढळते. जीसी म्हणजे ‘जनरल कंडिशन’, रुग्णाची एकंदर प्रकृती. एकदा बाहेरच्या बाकावर जतकडून आलेल्या एक बाई हातातला कागद उलटसुलट करत बसल्या होत्या आणि त्यांचा बारावीतला भाचा त्यांना ‘मावशी, फेअर म्हणजे बरं, काका बरे झाले’ असे सांगत होता. शब्दाचा अर्थ त्याने चुकीचा लावला असे म्हणता येणार नाही, पण मराठीत ‘बरा’ या एकाच शब्दात ‘साधारण चांगला’ आणि ‘रोगमुक्त’ असे दोन्ही अर्थ आहेत आणि आजारपणात माणसाचे कान दुसराच अर्थ ऐकतात. डॉक्टरांना एवढेच म्हणायचे होते की, रुग्ण शुद्धीवर आहे, एकंदर अवस्था चिंता वाटावी अशी नाही. आजार आहे तेथेच आहे. अशा ठिकाणी मी ‘एकंदर प्रकृती ठीक’ असे लिहितो. ‘ठीक’ कोणालाही घरी जायची घाई करायला लावत नाही. जुन्या वस्तूंच्या बाबतीत याहून मोकळेपणाने लिहावे. पुस्तकविक्रेत्याच्या यादीतील ‘फेअर’ पुस्तक पानांनी पूर्ण, पण चांगलेच वापरलेले असते, आणि ट्रॅक्टरच्या रकान्यात मी आता ‘चालू स्थितीत, मात्र झीज झालेली’ असे चार-पाच शब्द खर्च करतो.

याच अर्थाचे ‘फेअरली’ हे क्रियाविशेषण शिकताना एक बारकावा लक्षात ठेवावा. ‘फेअरली’ बहुधा बोलणाऱ्याला हव्याशा वाटणाऱ्या गुणापुढे येते आणि नकोशा गुणापुढे ‘रादर’ येते. ‘द वॉटर इज फेअरली वॉर्म’ असे म्हणणारा अंघोळीला निघालेला असतो आणि पाणी पुरेसे कोमट असल्याचे त्याला समाधान आहे. ‘द वॉटर इज रादर वॉर्म’ म्हणणाऱ्याला माठातले गार पाणी हवे होते. शिवाय तुलनावाचक रूपापुढे ‘फेअरली’ कधीच येत नाही, त्यामुळे ‘फेअरली बेटर’ हे चूक आहे; तेथे ‘मच बेटर’ किंवा ‘रादर बेटर’ म्हणावे. आणि ‘फेअरली’चा न्यायाचा अर्थही जिवंत आहे, हे विसरू नये: ‘शी वॉज ट्रीटेड फेअरली’ म्हणजे तिला बऱ्यापैकी वागवले असे नव्हे, तर तिला न्यायाने वागवले. ‘फेअरली’ विशेषणाच्या आधी आले तर प्रमाण आणि क्रियापदाच्या मागून आले तर न्याय, असा ढोबळ नियम ठेवला तर फारसे चुकत नाही. ‘प्ले फेअर’ हा ठरून गेलेला प्रयोग आहे. तेथे ‘फेअरली’ घातले तर व्याकरण बिघडत नाही, पण कानाला खटकते.

रंगाच्या अर्थाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यावर आपल्याकडे गरजेपेक्षा जास्त लिहिले आणि बोलले गेले आहे. लग्नाच्या बायोडाटात ‘कॉम्प्लेक्शन: फेअर’ म्हणजे वर्ण गोरा, आणि त्याच्या खालोखालच्या छटांसाठी आपल्याकडे निमगोरा, गव्हाळ, सावळा असे शब्द आहेत. भारतीय इंग्रजीत हा शब्द कातडीला चिकटला आहे, तर ब्रिटनमध्ये ‘फेअर’ माणूस म्हटल्यावर ऐकणारा त्याच्या केसांचाही विचार करतो. ‘फेअर हेअर’ म्हणजे फिकट, सोनेरी केस, ‘गोरे केस’ नव्हेत. १९७५पासून विकल्या जाणाऱ्या ‘फेअर अँड लव्हली’ या क्रीमच्या नावातला हाच शब्द २०२० मध्ये काढून तेथे ‘ग्लो’ घालावा लागला. बायोडाटा इंग्रजीत करून देताना मी हा रकानाच गाळावा असे सुचवतो. दहांपैकी दोन-तीन जण ऐकतात.

हवामानाच्या अर्थाला मराठीत ‘उघडीप’ हा शब्द आहे आणि तो वापरायला लोक का कचरतात हे मला कळत नाही. ‘फेअर वेदर’चे ‘चांगले हवामान’ करण्याऐवजी ‘पावसाने उघडीप दिली’ असे लिहिले की इंग्रजीचा वासही राहत नाही. येथे चांगले काय आणि वाईट काय हे तुम्ही कोठे उभे आहात यावर ठरते, कारण जून कोरडा गेला तर जतच्या शेतकऱ्याला निरभ्र आकाश ‘चांगले हवामान’ वाटणार नाही. शेजारच्या सातारा जिल्ह्यात, पाटण-जावळीकडच्या डोंगरी भागातील रस्त्यांच्या कागदांवर ‘फेअर वेदर रोड’ असा शब्दप्रयोग सापडतो. त्याचा अर्थ पाऊस नसतानाच वाहने जाऊ शकतील असा कच्चा रस्ता, आणि त्याच्या विरुद्ध ‘ऑल वेदर रोड’, म्हणजे बारमाही रस्ता. एका मित्राने याचे ‘चांगल्या हवेचा रस्ता’ असे केलेले मी पाहिले आहे. वाचणाऱ्याला वाटावे की तेथे सहलीला जायला हरकत नाही. ‘फेअर-वेदर फ्रेंड’साठी मात्र मराठीला उसने काही घ्यावे लागत नाही: असतील शिते तर जमतील भुते.

‘फेअर कॉपी’बद्दल फार सांगण्यासारखे नाही, कारण शाळेने तो शब्द आपल्याला कधीच मराठी करून दिला आहे. रफ वही आणि फेअर वही, ‘आधी रफ कर, मग फेअर कर’, हे आपण सगळे बोलतो. औपचारिक लेखनात ‘स्वच्छ प्रत’ लिहावे.

बोलण्यातल्या दोन प्रयोगांपाशी नवे शिकणारे अडखळतात. ‘फेअर इनफ’ हे ‘पुरेसे न्याय्य’ नव्हे. समोरच्याचे म्हणणे पूर्ण पटले नसले तरी त्यात तथ्य आहे हे मान्य करून विषय पुढे नेताना ते वापरतात. आपण अशा वेळी ‘बरं, तेही खरंच’ असे म्हणून चहाचा कप उचलतो. वरिष्ठांना मात्र ते म्हणू नये, कारण त्यात ‘तुमचे म्हणणे मी तपासून पाहिले आणि चालवून घेतले’ असा सूर आहे. ‘टू बी फेअर’ हे ज्याच्यावर आताच टीका केली त्याच्या बाजूने एखादा शब्द बोलताना येते: ‘एसटी उशिरा आली, पण खोटं कशाला बोला, घाटात दरडच कोसळली होती.’ ‘खोटं कशाला बोला’ हे त्याचे माझ्या माहितीतले सर्वांत चोख मराठी आहे. शब्दयोगी रूपाबद्दल एवढेच की, ‘फेअर टू’ आणि ‘फेअर ऑन’ ही दोन्ही रूपे बरोबर आहेत. ‘इट इजंट फेअर ऑन हर’ हे ब्रिटिश वळण असून त्यात ‘ओझे तिच्यावर पडते’ ही छटा थोडी गडद आहे.

शेवटी एक सावधगिरी उच्चाराबद्दल. जत्रा या अर्थाचा ‘फेअर’ हा नाम असून तो विशेषणाचा सख्खा नव्हे. तो लॅटिनमधील सणाच्या दिवसांसाठीच्या शब्दावरून आला आहे, त्यामुळे खरसुंडीच्या यात्रेतला खिलार बैलांचा बाजार ‘कॅटल फेअर’ होतो त्यात रास्तपणाचा काही संबंध नाही, बैलाचा भाव विचारल्यावर तर नाहीच. तिसरा ‘फेअर’ एसटीच्या भाड्याचा. त्याचे स्पेलिंग एफ, ए, आर, ई असे वेगळे आहे, पण उच्चार तोच. इंग्रजी पानावर डोळ्यांना दिसणारा हा फरक देवनागरीत लिहिताना पुसला जातो. मध्यंतरी एका प्रवासी संघटनेचे निवेदन इंग्रजीत करून देण्यासाठी माझ्याकडे आले, त्यात ‘फेअरबाबत आमची तक्रार आहे’ असे वाक्य होते आणि ती तक्रार भाड्याची होती की यात्रेच्या जादा गाड्यांची, हे निवेदन दोनदा वाचूनही मला कळेना. लिहिणाऱ्याला फोन केला तेव्हा त्याने सांगितले, ‘दोन्हीची आहे.’